स्वतःच्या बांधावरचा हिशेब

आषाढ-श्रावणात वाराणसीहून कोणत्याही दिशेने बाहेर पडले, तरी थोड्याच वेळात पाण्याने भरलेली भातखाचरे दिसू लागतात. येथील लोक या पिकास 'धान' म्हणतात. कोकणात वा मावळात त्यालाच 'भात' म्हणतात. चिखलणी, लावणी, बांधबंदिस्ती ही कामे नावे बदलून दोन्हीकडे सारखीच चालतात. पाहणाऱ्यास हे दृश्य समृद्धीचे वाटते, आणि ते तसे आहेही. परंतु त्या स्थिर पाण्याखाली, चिखलात, असे काही घडत असते की ज्याचा परिणाम पृथ्वीच्या साऱ्या वातावरणावर होतो. पाणी किती मुरले, खत किती वाहून गेले, हवेत कोणते वायू मिसळले, दाण्यात कोणती द्रव्ये उतरली, यांपैकी काहीच बांधावर उभे राहून डोळ्यांना दिसत नाही. ते मोजावे लागते.

भाताचे संशोधन करणाऱ्या संस्थेपुढे म्हणूनच एक अवघड प्रश्न उभा राहतो. शेतकऱ्याने पाणी जपून वापरावे, विषारी औषधे कमी फवारावीत, पेंढा जाळू नये, असा उपदेश ती करते. पण तिची स्वतःचीही खाचरे असतात, गोदामे असतात, शीतगृहे व प्रयोगशाळा असतात. या सर्वांचा निसर्गावर पडणारा भार तिने मोजला नाही, तर तिच्या उपदेशाचे मोल काय राहील? हा प्रश्न केवळ नीतीचा नाही. संस्थेच्या शेतावर जे चुकते, तेच शिफारशीच्या रूपाने पुढे लाखो शेतांवर पोहोचते.

संस्था आणि तिचे शेत

आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्था १९६० साली फिलिपाइन्समधील लॉस बान्योस येथे स्थापन झाली. फोर्ड प्रतिष्ठान, रॉकफेलर प्रतिष्ठान व फिलिपाइन्स सरकार यांनी मिळून ती उभारली. आशियातील वाढत्या लोकसंख्येला पुरेसे अन्न मिळेल की नाही, ही त्या काळची मोठी चिंता होती. १९६६ साली संस्थेने 'आयआर-८' हे बुटके वाण प्रसृत केले. खत घातल्यावर उंच वाणे लोळत असत. हे वाण ताठ उभे राहून अधिक दाणे देई. भारतासह अनेक देशांत त्याचा प्रसार झाला. पुढे १९८२ ते १९८८ या काळात डॉ. मं. सं. स्वामिनाथन हे या संस्थेचे महासंचालक होते.

दक्षिण आशियासाठी या संस्थेचे प्रादेशिक केंद्र वाराणसी येथे असावे, या प्रस्तावास भारताच्या केंद्रीय मंत्रिमंडळाने जुलै २०१७ मध्ये मान्यता दिली. राष्ट्रीय बीज संशोधन व प्रशिक्षण केंद्राच्या आवारात ते उभे राहिले आणि २९ डिसेंबर २०१८ रोजी राष्ट्रास अर्पण करण्यात आले. भाताच्या मूल्यवर्धनाचा अभ्यास करणारा स्वतंत्र विभाग त्याचा भाग आहे. दाणा व पेंढा यांतील जड धातूंचे प्रमाण तपासणारी प्रयोगशाळा हे त्या विभागाचे एक महत्त्वाचे अंग होय. संशोधनाबरोबर प्रशिक्षण हेही केंद्राचे काम आहे.

ही जागा अर्थपूर्ण आहे. गंगेच्या मैदानाच्या पूर्व भागात भात व गहू ही दोन्ही पिके एकाच जमिनीत वर्षानुवर्षे घेतली जातात. शेतकऱ्यांच्या जमिनी लहान आहेत, उत्पन्न बेताचे आहे आणि पावसाचा भरवसा पूर्वीसारखा राहिलेला नाही. येथे जे साधेल, ते बिहार, बंगाल, नेपाळचा तराई प्रदेश व बांगलादेश येथेही उपयोगी पडण्याचा संभव आहे.

व्यवस्थापन म्हणजे काय?

पर्यावरणाचे व्यवस्थापन म्हटले की आवारात झाडे लावणे, पाण्याचे नळ दुरुस्त करणे, दिवे मालवण्याच्या सूचना भिंतीवर लावणे, एवढेच पुष्कळांच्या डोळ्यांपुढे येते. या गोष्टी चांगल्या आहेत, परंतु त्यांना व्यवस्थापन म्हणता येत नाही. व्यवस्थापनाचा आरंभ हिशेबापासून होतो. संस्थेत काय आणि किती येते, त्यातून काय आणि किती बाहेर पडते, हे प्रथम लिहून काढावे लागते. पाणी, वीज, इंधन, खते व औषधे आत येतात. धान्य, पेंढा, सांडपाणी, टाकाऊ रसायने, धूर व वायू बाहेर पडतात. ज्ञान व शिकून तयार झालेली माणसे हीदेखील बाहेरच पडतात, आणि संस्थेचे खरे प्रयोजन तेच असते.

१९९६ साली 'आयएसओ १४००१' या नावाने पर्यावरण व्यवस्थापनाचा आंतरराष्ट्रीय मानदंड प्रसिद्ध झाला. त्याची रीत चार पायऱ्यांची आहे. आधी उद्दिष्टे ठरवून योजना आखावी, ती अमलात आणावी, झालेल्या कामाची तपासणी करावी आणि आढळलेले दोष दूर करून पुन्हा पहिल्या पायरीकडे यावे. कोणत्या संस्थेने किती पाणी वापरावे, हे तो मानदंड सांगत नाही. मर्यादा संस्थेने स्वतः ठरवायची असते आणि ती पाळली की नाही, याचा पुरावा ठेवायचा असतो. २००१ पासून प्रचारात आलेल्या दुसऱ्या एका पद्धतीनुसार उष्णताधारक वायूंचा हिशेब तीन भागांत मांडला जातो: संस्थेच्या आवारातूनच बाहेर पडणारे वायू, तिने विकत घेतलेल्या विजेमुळे वीजकेंद्रात निर्माण होणारे वायू, आणि तिच्या खरेदी, प्रवास इत्यादी व्यवहारांमुळे अन्यत्र निर्माण होणारे वायू. एखाद्या कचेरीच्या बाबतीत पहिला भाग लहान असतो. भात संशोधन संस्थेच्या बाबतीत मात्र तिचे खाचर हेच या पहिल्या भागात मोडते.

पाण्याचा हिशेब

एक किलो भात (साळ) पिकविण्यासाठी पाऊस व सिंचन मिळून सरासरीने सुमारे २,५०० लिटर पाणी शेतास पुरवावे लागते. एक हेक्टर खाचरात ५ सेंटिमीटर पाणी उभे करायचे म्हटले, तर ५ लाख लिटर पाणी लागते. यातील बराच भाग रोपे पीत नाहीत. तो जमिनीत मुरतो, बांधातून झिरपतो किंवा वाफ होऊन जातो. मुरलेले पाणी भूजलास मिळते, तेव्हा ते सर्वस्वी वाया गेले असे म्हणता येत नाही. पण ते वर उपसण्यासाठी पुन्हा डिझेल वा वीज खर्ची पडते.

हा खर्च कमी करण्याची एक साधी युक्ती लॉस बान्योसच्या संशोधकांनी रूढ केली. भोके पाडलेली सुमारे ३० सेंटिमीटर लांबीची नळी अर्धी जमिनीत, अर्धी वर अशी खाचरात रोवायची. लावणीनंतर एकदोन आठवड्यांनी खाचरातील पाणी आटू द्यायचे. नळीत डोकावल्यावर पाण्याची पातळी जमिनीखाली १५ सेंटिमीटरपर्यंत उतरलेली दिसली, की पुन्हा ५ सेंटिमीटर पाणी भरायचे. पीक फुलोऱ्यात येण्याच्या सुमारास मात्र पाणी कायम ठेवायचे, कारण त्या दिवसांत ताण पडला तर दाणे पोचट राहतात. ओल व सुकवण आळीपाळीने देणाऱ्या या पद्धतीत सिंचनाच्या पाण्याची ३० टक्क्यांपर्यंत बचत होऊ शकते आणि उत्पन्न घटत नाही. साधन अगदी स्वस्त आहे. बांबूचा तुकडाही चालतो. महत्त्व नळीला नाही, अंदाजाऐवजी मोजमाप आले याला आहे.

दुसरा मार्ग थेट पेरणीचा. रोपे वाढवून लावणी करण्याऐवजी बी सरळ शेतात पेरले, तर चिखलणीचे पाणी व लावणीची मजुरी वाचते. कोकणातील शेतकऱ्यास ही कल्पना अगदीच नवी वाटणार नाही. पावसाआधीची धूळवाफ पेरणी आणि मोड आलेले बी चिखलात फोकून करण्याची 'रहू' पद्धत त्याच्या परिचयाची आहे. पण उभे पाणी हे तणांना रोखणारे एक साधनही असते. ते काढून घेतले की तण माजते, आणि तणनाशकाची गरज वाढते. पाण्याच्या खात्यावर जमा झालेली बचत औषधाच्या खात्यावर खर्ची पडते. ही दोन खाती दोन वेगळ्या वह्यांत ठेवली, तर प्रत्येक वही स्वतःपुरती बरोबर दिसते आणि एकूण हिशेब मात्र चुकतो.

हवेचा हिशेब

पाण्याखालच्या चिखलात प्राणवायू पोहोचत नाही. अशा जागी काही सूक्ष्मजीव सेंद्रिय पदार्थांचे विघटन करून मिथेन वायू तयार करतात. भाताचे रोप पाण्यात जगावे म्हणून त्याच्या खोडात व मुळांत हवेच्या पोकळ्या असतात. मुळांकडे हवा नेणाऱ्या याच वाटेने चिखलातील बहुतेक मिथेन वर येऊन वातावरणात मिसळतो. मानवी व्यवहारांमुळे बाहेर पडणाऱ्या मिथेनपैकी सुमारे आठ ते दहा टक्के मिथेन जगातील भातखाचरांतून येतो. शंभर वर्षांच्या कालावधीचा विचार केला, तर वजनास वजन धरून मिथेन हा कार्बन डायऑक्साइडपेक्षा सत्तावीस-अठ्ठावीस पट उष्णता अडवितो.

हा वायू मोजण्याची रीत सोपी पण चिकाटीची आहे. चार-सहा रोपांवर पारदर्शक बंद पेटी ठेवतात, ठराविक मिनिटांनी सुईने तिच्यातील हवेचे नमुने काढतात आणि प्रयोगशाळेत त्यांचे पृथक्करण करतात. पेरणीपासून कापणीपर्यंत हे पुनःपुन्हा करावे लागते. खाचर मधूनमधून सुकविले, की चिखलात हवा शिरते व मिथेन बनविणाऱ्या सूक्ष्मजीवांचे काम थांबते. अशा रीतीने मिथेन साधारणतः निम्म्याच्या आसपास घटतो, असे अनेक देशांतील मोजणीवरून दिसून आले आहे.

येथेही दुसरी बाजू आहेच. जमीन ओली-सुकी होत राहिली, की नत्रखताचा काही अंश नायट्रस ऑक्साइड या वायूत बदलतो. त्याचे प्रमाण अल्प असते, परंतु त्याची उष्णता अडविण्याची शक्ती कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७० पट आहे. मिथेन घटला म्हणून आनंद मानणाऱ्या संस्थेने नायट्रस ऑक्साइड मोजलाच नाही, तर तिचा दावा अपुरा राहतो. सामान्यतः मिथेनमधील घट ही दुसऱ्या वायूच्या वाढीपेक्षा मोठी ठरते, पण ते खताचे प्रमाण, वेळ व जागा यांवर अवलंबून असते.

या बाबतीत महाराष्ट्रातील एक उदाहरण लक्षात घेण्याजोगे आहे. खाचरात फोकलेल्या युरियातील निम्म्याहून अधिक नत्र पिकास मिळतच नाही. डॉ. सावंत यांनी कोकणातील शेतकऱ्यांसाठी बसविलेल्या 'चारसूत्री' पद्धतीत युरिया-डीएपीची गोळी चार चुडांच्या मधोमध चिखलात खोल खोचली जाते. पेंढा व तुसाची राख यांचा फेरवापर, गिरिपुष्पाचा पाला जमिनीत गाडणे आणि ठराविक अंतरावरील नियंत्रित लावणी ही तिची अन्य तीन सूत्रे आहेत. खोल ठेवलेले नत्र मुळांजवळ राहते. ते पाण्याबरोबर वाहून जाणे व हवेत उडून जाणे बरेच कमी होते. खताची पिशवी, ओढ्याचे पाणी व आकाशातील वायू ही तिन्ही खाती येथे एकाच कृतीने सुधारतात. असे क्वचित घडते. म्हणूनच अशा कृती शोधून काढणे मोलाचे असते.

माती आणि दाणा

गंगेच्या मैदानात काही ठिकाणी भूजलात आर्सेनिक हे विषारी मूलद्रव्य आढळते. वाराणसीच्या पूर्वेस गंगाकाठी असलेल्या बलिया जिल्ह्यात त्याची नोंद झालेली आहे. जमीन सतत पाण्याखाली राहिली, तर मातीतील आर्सेनिक विरघळून मुळांवाटे दाण्यात जाऊ शकते. जमीन सुकविली तर ते कमी जाते. परंतु कॅडमियम या धातूची गोष्ट याच्या नेमकी उलट आहे. कोरड्या होणाऱ्या जमिनीतून तो अधिक सुटतो. ज्या मातीत दोन्ही द्रव्ये आहेत, तेथे पाणी किती आणि केव्हा ठेवावे हा प्रश्न सिंचनापुरता उरत नाही; तो लोकांच्या आरोग्याचा होतो. दाणा व पेंढा यांतील जड धातू तपासणारी प्रयोगशाळा वाराणसीच्या केंद्रात का असावी, याचे उत्तर येथे सापडते.

मातीच्या बाबतीत आणखी एक अडचण अशी की ती फार सावकाश बदलते. लॉस बान्योस येथे १९६३ पासून एकाच जमिनीत सतत भात घेण्याचा प्रयोग चालू करण्यात आला आणि १९६८ पासून तेथे वर्षाला तीन पिके घेतली जाऊ लागली. आरंभी उत्पन्न भरघोस होते. पुढील दोन दशकांत, चांगली वाणे व खते असूनही, ते हळूहळू उतरत गेले. पाण्याखाली न विसावलेल्या मातीतून पिकास नत्र मिळण्याची क्रियाच मंदावली होती, असा निष्कर्ष निघाला. १९९० नंतरच्या वर्षांत जमीन मधल्या काळात सुकवून व नत्राच्या वेळा बदलून उत्पन्न पुन्हा वर आणण्यात आले.

तीन वर्षांच्या प्रकल्पात ही घसरण कोणाच्याही ध्यानात आली नसती. ती संस्थेच्या स्वतःच्या जमिनीवर, पिकामागून पीक नोंदवहीत लिहिले गेले म्हणून दिसली. शिवाय ती जगापासून लपवून ठेवण्यात आली नाही. आपल्याच शिफारशीने चालविलेले शेत खाली घसरत आहे, हे प्रसिद्ध करणे कोणत्याही संस्थेस सुखाचे नसते. पण अशा कबुलीवाचून सुधारणेचा मार्ग सापडला नसता.

विषाचा हिशेब

औषधांच्या बाबतीत हा धडा याहूनही कडू होता. नव्या वाणांच्या आरंभीच्या काळात ठराविक दिवसांनी कीटकनाशक फवारणे हा शिफारशीचाच भाग असे. १९७० नंतर आशियातील अनेक देशांत तपकिरी तुडतुड्यांनी भातपिकाचा फडशा पाडला. फवारणी वाढविली तरी कीड आटोक्यात येईना. पीटर केनमोर या तरुण संशोधकाने फिलिपाइन्समधील शेतांत अभ्यास करून दाखवून दिले की, फवारणीमुळे कोळी व अन्य भक्षक मरतात, तुडतुड्यांची अंडी मात्र रोपाच्या आत सुरक्षित राहतात आणि त्यामुळे कीड पूर्वीपेक्षा जोराने उसळते. कीटकनाशक हे या कीडीवरचे औषध नसून तिच्या वाढीचेच एक कारण होते. १९८६ साली इंडोनेशियाच्या राष्ट्राध्यक्षांनी भातावर वापरल्या जाणाऱ्या ५७ कीटकनाशकांवर बंदी घातली. १९९३ साली संस्थेनेच प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात, शेतकऱ्यांच्या आजारपणाचा खर्च हिशेबात धरल्यास नित्याची फवारणी तोट्याची ठरते, असे आढळले. पुढे संस्थेने आपल्या प्रक्षेत्रावरील कीटकनाशकांचा वापर मोठ्या प्रमाणावर घटविला.

आजारपणाचा खर्च ही रक्कम पूर्वी कोणाच्याच वहीत नव्हती. ती शेतमजुराच्या घरात भरली जात होती. व्यवस्थापनातील खरी चूक बेरीज-वजाबाकीत क्वचितच असते. जी बाब लिहिलीच जात नाही, तिच्यात ती असते.

पेंढ्याचा प्रश्न

एका खात्यातील बचत दुसऱ्याच कोणाच्या माथी कशी बसते, याचे सर्वांत ठळक उदाहरण पंजाबात घडले. भूजल झपाट्याने खाली जात असल्याने तेथील राज्य शासनाने २००९ साली कायदा करून १० जूनपूर्वी भाताची लावणी करण्यास मनाई केली. कडक उन्हाळ्यातील उपसा थांबावा, हा हेतू रास्त होता. परंतु लावणी लांबली तशी कापणीही लांबली, आणि भाताची कापणी व गव्हाची पेरणी यांमधील दिवस फारच थोडे उरले. यंत्राने कापलेल्या शेतात उभा राहिलेला पेंढा काढण्यास वेळ व पैसा दोन्ही नसल्याने तो जाळण्यात येऊ लागला, आणि तोही हवा स्थिर होण्याच्या कार्तिकाच्या सुमारास. पाणी वाचविण्याच्या प्रयत्नातून निघालेला धूर दूरच्या शहरांतील माणसांच्या छातीत गेला.

वाराणसीच्या मुलखातही भातामागून गहू येतो. म्हणूनच लवकर तयार होणाऱ्या वाणांना येथे दुहेरी मोल आहे. बनारस हिंदू विद्यापीठ व आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्था यांच्या सहकार्यातून निघालेले 'मालवीय मनीला सिंचित धान-१' हे वाण सुमारे ११५ ते १२० दिवसांत तयार होते. पीक लवकर उभे राहिले, तर पाण्याच्या पाळ्या वाचतात आणि पेंढ्याची व्यवस्था करण्यास अवधीही मिळतो.

दिवे, शीतगृहे आणि प्रयोगशाळा

शेताबाहेरचा भारही कमी नसतो. लॉस बान्योस येथील बीजसंग्रहात भाताचे १ लाख ३० हजारांहून अधिक नमुने जतन करून ठेवलेले आहेत. त्यांतील दीर्घकाळ टिकवायचे बी उणे २० अंश सेल्सिअस तापमानात ठेवावे लागते. वाराणसीच्या केंद्रातील संशोधकांनी २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या एका पद्धतीत प्रकाश, तापमान व आर्द्रता यांचे नियंत्रण करून भाताच्या वर्षाला चार-पाच पिढ्या घेता येतात. एरवी नवे वाण तयार होण्यास दहा-बारा वर्षे जातात. ती मुदत यामुळे पुष्कळ कमी होऊ शकते. पण बंद खोलीत कृत्रिम दिव्यांखाली वाढविलेल्या रोपास सूर्य फुकट मिळत नाही. तेथे विजेचा खर्च अटळ असतो.

म्हणून अशी कामे बंद करावीत, असा याचा अर्थ नव्हे. दुष्काळ वा पुरास टिकणारे वाण पाच वर्षे आधी शेतकऱ्याच्या हाती पडले, तर त्याचा लाभ त्या विजेच्या खर्चाहून कितीतरी मोठा ठरेल. परंतु तो खर्च लिहिला गेलाच पाहिजे, आणि प्रयोग मोठा आहे एवढ्याच कारणाने त्यास सूट मिळता कामा नये. संशोधनाच्या संस्थेस काही भार मुद्दाम उचलावेही लागतात. सुकविलेल्या खाचराशी तुलना करण्यासाठी एक खाचर सतत पाण्याने भरलेले ठेवावेच लागते. जे वाईट आहे ते थोड्या जागेत चालू ठेवल्यावाचून चांगल्याचे माप मिळत नाही. ही सूट कोणत्या वाफ्यास, किती काळ व कशासाठी दिली आहे, हे स्पष्ट असले म्हणजे पुरे.

नियोजनाची दुसरी एक शिकवण वाराणसी शहरानेच दिलेली आहे. १४ जून १९८६ रोजी गंगा कृती योजनेचा प्रारंभ याच नगरीत झाला. सांडपाणी उपसून शुद्ध करणारी केंद्रे उभारण्यात आली. परंतु पंप विजेवर चालणारे होते आणि वीज वारंवार जात असे. वीज गेली की मैला पूर्ववत नदीत जाई. विद्यापीठात स्थापत्य अभियांत्रिकीचे प्राध्यापक व संकटमोचन मंदिराचे महंत असलेले वीरभद्र मिश्र यांनी १९८२ साली एक प्रतिष्ठान स्थापन केले होते. तुळशीघाटावरील त्याच्या प्रयोगशाळेत गंगेच्या पाण्याची तपासणी होत असे. केंद्रे बांधून झाल्याचे सरकारी अहवालात लिहिलेले असताना पाण्याचे नमुने काय सांगतात, हे त्यांनी आकड्यांनिशी लोकांपुढे ठेवले. केलेली व्यवस्था आणि झालेला परिणाम या दोन वेगळ्या बाबी आहेत. संस्थेच्या आवारातील लहानशा सांडपाणी टाकीसही हाच नियम लागू पडतो.

शिक्षणाची बाजू

१९९० साली फ्रान्समधील ताल्वार येथे जमलेल्या काही विद्यापीठांच्या प्रमुखांनी एका जाहीरनाम्याद्वारे मान्य केले की, पर्यावरणाचे शिक्षण देणाऱ्या संस्थांनी आपला स्वतःचा कारभारही त्यास अनुरूप ठेवावा. यातील तत्त्व सोपे आहे. विद्यार्थी व्याख्यानातून जितके शिकतो, त्याहून अधिक तो संस्थेच्या रोजच्या वागण्यातून शिकतो. वाराणसीसारख्या केंद्रात प्रशिक्षणासाठी येणारा कृषी अधिकारी परत जाताना टिपणांबरोबर काही सवयीही घेऊन जातो. रिकाम्या औषधांचे डबे कोठे जातात, नमुने तपासून उरलेली आम्ले कोण व कशी निकामी करतो, पंप चालू करण्यापूर्वी कोणी नळीत डोकावून पाहतो की नाही, हे सारे तो न सांगता पाहत असतो.

या हिशेबात संस्थेतील मजुरांचा वाटा सर्वांत मोठा असतो. पाण्याची पातळी पहाटे पाहणारा, वायूचे नमुने भर उन्हात काढणारा, औषधाची पिचकारी पाठीवर वाहणारा माणूस हाच सर्व आकड्यांचा उगम होय. त्यास मोजणीचे प्रयोजन समजावून दिले नाही, तर वही भरली जाईल पण ती खरी असणार नाही. उत्तम उपकरणे विकत घेता येतात. खरे आकडे मात्र विश्वासाने काम करणाऱ्या माणसांकडूनच मिळतात.

भात हे जगातील निम्म्याहून अधिक लोकांचे मुख्य अन्न आहे. ते पिकविणे थांबविता येणार नाही, आणि निसर्गावर काहीही भार न टाकता ते पिकविताही येणार नाही. पाणी, वायू, माती, विष, पेंढा व वीज यांचा विचार स्वतंत्रपणे केला तर प्रत्येकावर उपाय आहे. पण एकाचा उपाय दुसऱ्याचा अपाय होऊ शकतो. ही सर्व खाती एकाच वहीत मांडून ती उघडी ठेवणे, हे शेतकऱ्यास एकट्याने झेपणारे काम नाही. त्याच्याजवळ तेवढी साधने नाहीत, आणि चुकलेल्या प्रयोगाचा तोटा सोसण्याची ऐपतही नाही. म्हणूनच चूक आधी संस्थेच्या खाचरात व्हावी, तेथेच ती मोजली जावी आणि प्रामाणिकपणे सांगितली जावी. वाराणसीच्या परिसरातील शेतकरी पुढच्या आषाढात आपल्या खाचरात पाणी सोडील, तेव्हा त्याला मिळालेला सल्ला अशा हिशेबातून पारखून आलेला असावा, एवढीच त्याची अपेक्षा असते, आणि ती रास्त आहे.